सावल्यांवरून जबडा: सीबीसीटी, रेडिओ दुर्बीण आणि मधलं गणित

चलराशी

अक्कलदाढ काढायची असो की इम्प्लांट बसवायचा, हल्ली दंतवैद्य 'आधी सीबीसीटी (शंकूसारख्या झोताने काढलेला त्रिमित एक्स-रे) करून आणा' म्हणतात. यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि थोड्याच वेळात अख्खा जबडा संगणकावर तयार असतो, हवा तिथून कापून बघावा. या मधल्या वेळात जे गणित घडतं त्यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. मी कॉलेजात गणित शिकवते. परिणामावरून कारण शोधायचे, म्हणजे ज्यांना व्यस्त प्रश्न म्हणतात ते, माझ्या अभ्यासाचा विषय आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कमी किरणांत जास्त दिसू लागलं ही गणिताची फार मोठी कमाई आहे. पण पडद्यावरच्या चित्रातला कुठला भाग मोजून आला आणि कुठला गृहीत धरून भरला, हे ते चित्र वापरणाऱ्याला ठाऊक हवं. आपल्याकडे ते सहसा नसतं, कारण गणिताचा विभाग आणि दंत महाविद्यालय यांची गाठच पडत नाही.

एक्स-रे म्हणजे सावली. किरण एका गालातून शिरतो, दुसरीकडून बाहेर येतो, आणि त्यातला किती उरला एवढंच मोजता येतं. त्याचा लॉगरिथम घेतला की वाटेत लागलेल्या मांस, हाड, दात या सगळ्यांच्या शोषणाची बेरीज हाती येते. नुसती बेरीज. त्यातलं कोणाचं किती, ते कळत नाही.

चार खणांचा चौकोन घ्या. वरच्या ओळीत ३ आणि १, खालच्या ओळीत २ आणि ४. आता हे आकडे झाका आणि बेरजाच बघा. आडव्या ओळींच्या ४ आणि ६, उभ्यांच्या ५ आणि ५. मग वर २, २ आणि खाली ३, ३ असे आकडे भरून पाहा. बेरजा त्याच येतात. म्हणजे दोन दिशांनी एक्स-रे काढूनही दोन वेगवेगळे 'जबडे' सारखेच दिसले. तिरप्या बेरजा घेतल्या तरच फरक कळतो: पहिल्या चौकोनात ३+४=७ आणि १+२=३, दुसऱ्यात दोन्ही तिरप्या बेरजा ५.

आता उलट दिशेने जाऊ. आकडे माहीत नाहीत, बेरजा माहीत आहेत. आडवी बेरीज ४ दोन खणांत सारखी वाटा: २, २. दुसरी ६ वाटा: ३, ३. उभ्या बेरजा तपासा, दोन्ही ५ येतात, म्हणजे बरोबर. पहिली तिरपी बेरीज ७ हवी, येते ५. दोन कमी पडले, ते त्या दोन खणांत एकेक वाटा. दुसरी तिरपी ३ हवी, येते ५. दोन जास्त झाले, एकेक काढून घ्या. खणांत उरले ३, १, २, ४. झाकलेले आकडे सापडले!

ही युक्ती पोलंडचे गणिती स्तेफान काचमाझ यांनी १९३७ साली सगळ्याच रेषीय समीकरणांसाठी मांडली होती. पुढे १९७० मध्ये गॉर्डन, बेंडर आणि हर्मन यांनी ती प्रतिमांसाठी नव्याने शोधली. खऱ्या सीटीत चारांऐवजी लाखो, कोट्यवधी खण असतात, इतकाच फरक.

सईची आई

वही घेऊन बसले आणि करून पाहिलं. खरंच येतंय. लेकीलाही करायला लावलं. आता पुढचं लिहा, वाचतेय.

जुन्नरी

छान धागा. भौतिकीचा संबंध फक्त क्ष-किरणांपुरता आहे का? शीर्षकात रेडिओ दुर्बीण दिसली म्हणून विचारतो. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आमच्या घराच्या गच्चीवरून दिसतात.

चलराशी

@जुन्नरी, संबंध अगदी घट्ट आहे, आणि तो कल्याणवरून जातो.

आधी इतिहास. ऑस्ट्रियाचे योहान राडोन यांनी १९१७ मध्ये सिद्ध केलं की सगळ्या दिशांच्या सगळ्या रेषांवरच्या बेरजा माहीत असतील तर आतलं चित्र नेमकं काढता येतं. तेव्हा तो शुद्ध गणितातला निबंध होता. १९५६ साली केप टाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ॲलन कॉर्मॅक नावाचे भौतिकीचे अध्यापक किरणोत्सर्गी उपचारांवर देखरेख करायला जात. तिथे त्यांना दिसलं की शरीराच्या आत कुठे किती शोषण होतं हेच नेमकं ठाऊक नसेल, तर किरणांची मात्रा ठरवायची कशावर? राडोनचं काम त्यांच्या वाचनात नव्हतं. त्यांनी सूत्र स्वतः काढलं आणि १९६३-६४ मध्ये छापलं. कोणी फारशी दखल घेतली नाही. नोबेल व्याख्यानात त्यांनी सांगितलं आहे की त्या निबंधाची प्रत मागणाऱ्यांत एक पत्र स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन संशोधन केंद्राचं होतं. बर्फाच्या आत काय दडलंय हाही त्याच जातीचा प्रश्न.

इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी प्रत्यक्ष यंत्र उभं केलं. प्रयोगशाळेतल्या पहिल्या प्रयोगात २८,००० मोजमापं घ्यायला ९ दिवस लागले आणि मोठ्या संगणकावर अडीच तासांची आकडेमोड. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला. १९७९ चं वैद्यकाचं नोबेल कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना मिळालं. एक भौतिकीचे, दुसरे अभियंते.

आता दुर्बीण. सूर्याच्या पृष्ठभागावर रेडिओ लहरी कुठून किती येतात हे बघायला त्या काळात एका वेळी एक पट्टीच मोजता यायची. पुन्हा बेरीजच! पट्ट्यांवरून चित्र कसं काढायचं यावर रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९५६ साली निबंध लिहिला. वस्तूच्या सावलीचं फूरिए रूपांतर (म्हणजे तिला लहान-मोठ्या लहरींच्या बेरजेत मांडणं) हे मूळ चित्राच्या फूरिए रूपांतराचा एक छेद असतं, हे सूत्र त्यात आहे. आजही सीटीचा अभ्यासक्रम तिथूनच सुरू होतो. याच ब्रेसवेल यांच्याकडे स्टॅनफर्डला गोविंद स्वरूप यांनी पीएच.डी. केली. भारतात परतल्यावर टाटा मूलभूत संशोधन संस्थेमधून (टीआयएफआर) १९६५ मध्ये त्यांनी कल्याणजवळ ३२ छोट्या तबकड्यांची दुर्बीण उभारली. त्या तबकड्या ऑस्ट्रेलियातल्या पॉट्स हिलहून आल्या होत्या, जिथे स्वरूप यांनी तरुणपणी काम केलं होतं. मग उटीची रेडिओ दुर्बीण, आणि मग तुमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. जीएमआरटीतल्या तबकड्यांच्या जोड्या आकाशाच्या चित्राचे फूरिए घटक मोजतात. सगळे कधीच मोजून होत नाहीत, मधे मोकळ्या जागा राहतात, आणि त्या कशा भरायच्या हा तिथलाही रोजचा प्रश्न आहे.

जुन्नरी

कल्याणचं माहीतच नव्हतं. धन्यवाद ताई.

कृष्णाकाठ

मी सांगलीकडे दंतवैद्य आहे. चलराशी मॅडम, धाग्याबद्दल मनापासून आभार. वापरणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

खालची अक्कलदाढ घ्या. तिच्या मुळांच्या अगदी जवळून जबड्यातल्या कालव्यातून एक नस जाते. दाढ काढताना ती दुखावली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधी काही आठवडे, कधी कायमची. ओपीजीवर, म्हणजे सगळे दात एकाच सपाट चित्रात दाखवणाऱ्या एक्स-रेवर, मूळ आणि कालवा एकमेकांवर पडलेले दिसतात. मूळ कालव्याच्या पुढे आहे, मागे आहे की त्याला चिकटून आहे, ते कळत नाही. कालव्याची पांढरी रेघ तुटलेली दिसली किंवा मुळावर काळसर पट्टा आला की आम्ही सावध होतो आणि तेव्हाच सीबीसीटी मागवतो. आडवा छेद काढला की गालाकडून जायचं की जिभेकडून, किती हाड काढायचं, मूळ तुकड्यांत काढायचं का, हे आधीच ठरतं. तुमच्या चार खणांच्या भाषेत सांगायचं तर ओपीजीत तिरपी बेरीज नसते.

पण तुम्ही म्हणता ते गृहीतकांचं प्रकरण आम्हाला रोज भोवतं. मुळाची उभी चीर शोधायची असते. त्याच दातात रूट कॅनाल करून आत धातूचा पोस्ट (आधाराची खुंटी) बसवलेला असतो. सीबीसीटीत त्या पोस्टच्या बाजूने काळ्या रेघा उमटतात आणि त्या हुबेहूब चिरेसारख्या दिसतात. त्या रेघेवर भरवसा ठेवून दात काढला आणि दात धडधाकट निघाला, तर तो परत बसवता येत नाही. म्हणून मी दात आणि हिरडी यांमधला खिसा किती खोल आहे ते प्रोबने (बारीक मोजसळीने) बघतो, गरज पडली तर हिरडी उघडून भिंगाखाली पाहतो, मगच बोलतो. या रेघा येतात कशा, ते जरा सोपं करून सांगाल का?

चलराशी

@कृष्णाकाठ, डॉक्टर, तुमचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा मोलाचा आहे.

सूत्र असं धरून चालतं की सगळे किरण एकाच ऊर्जेचे आहेत आणि दुप्पट जाडी म्हणजे दुप्पट शोषण. खऱ्या नळीतून निघणारा झोत मिश्र असतो. धातू त्यातले कमी ऊर्जेचे किरण आधी गिळतो, उरलेले जास्त भेदक असतात. म्हणजे झोत वाटेत बदलतो आणि बेरजेचा हिशेब बिघडतो. त्यात धातू इतकं शोषतो की पलीकडे फारसं काही पोचतच नाही, तिथली मोजमापं जवळजवळ कोरी. आकडेमोड मात्र थांबत नाही. चुकीच्या बेरजा ती सगळ्या दिशांना वाटते, आणि त्या वाटणीच्या खुणा म्हणजे तुमच्या काळ्या-पांढऱ्या रेघा. दोन धातूंच्या मधली जागा सगळ्यात वाईट.

दुसरी गोष्ट शंकूची. रुग्णालयातल्या सीटीत झोत पंख्यासारखा चपटा असतो, दातांच्या यंत्रात शंकूसारखा पसरट. एका फेरीत काम होतं ते त्यामुळे. शंकूसाठीचं सूत्र फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस यांनी १९८४ साली दिलं. हे तिघे फोर्ड मोटर कंपनीच्या संशोधन विभागातले. पुढे फेल्डकॅम्प यांनी तेच तंत्र हाडाची आतली जाळी बघायला वापरलं. १९९८ मध्ये इटलीत मोझ्झो आणि सहकाऱ्यांनी दातांसाठीच्या यंत्राचे निष्कर्ष छापले, त्याच सुमारास जपानात योशिनोरी अराई यांचं काम आलं. हे सूत्र नेमकं आहे ते किरणांचा उगम ज्या पातळीत फिरतो तेवढ्याच पातळीत. तिथून वर किंवा खाली जाल तसं ते अंदाजी होत जातं, कारण एका वर्तुळातून फिरून लागणारी सगळी माहिती मिळतच नाही. यंत्र कितीही महाग असलं तरी हे बदलत नाही.

म्हणूनच करड्या छटेवरून हाडाची घनता सांगायची घाई करू नये. रुग्णालयाच्या सीटीत पाणी ०, हवा उणे १००० असं हाउन्सफील्डचं माप पक्कं बसवलेलं असतं. सीबीसीटीतले आकडे तसेच दिसतात, पण यंत्रागणिक आणि जबड्यातल्या जागेगणिक बदलतात.

गॅन्ट्री

मी सीटी तंत्रज्ञ. गणितवाल्यांना एक विनंती, पेशंट हलतो हेही सूत्रात घ्या. यंत्र फिरायला दहा-वीस सेकंद लागतात, तेवढ्यात माणूस आवंढा गिळतो. मग हाडाची कड दुहेरी दिसते. हनुवटी टेकवून, दातांत ब्लॉक धरून, कपाळाला पट्टा बांधूनही होतं. आणि कानातलं, चमकी, काढता येणारी कवळी काढायला सांगितलं की लोक रागावतात. डॉक्टरांनी वर सांगितलेल्या रेघा तुमच्या चमकीमुळेही येतात हो!

बीएस्सी_फिजिक्स

मॅडम, भारतीयांचं यात काही आहे का? आम्हाला फक्त परदेशी नावं शिकवतात.

चलराशी

आहे, आणि पायाच्या दगडात आहे. बेरजा नुसत्या उलट वाटल्या की चित्र धुरकट येतं. वाटण्याआधी प्रत्येक सावलीवर एक गाळणी लावावी लागते. ती फूरिए रूपांतराच्या वळशाशिवाय थेट कशी लावायची, हे जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी दाखवलं. कोलॅजेनची तिपेडी रचना सांगणारे तेच रामचंद्रन. निबंध सप्टेंबर १९७१ चा, विम्बल्डनच्या पहिल्या सीटीच्या आदल्या महिन्यातला. त्या काळच्या संगणकांवर यामुळे वेळ प्रचंड वाचला. ती गाळणी आजही 'रॅम-लॅक' नावाने ओळखली जाते. मॅटलॅब या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये सावल्यांवरून चित्र काढायची आज्ञा दिलीत आणि गाळणी निवडली नाहीत, तर हीच लागते. लॅबमध्ये करून बघ. १८० दिशा घे, मग ३०, मग १०. मग फक्त ४० अंशांच्या आतल्या दिशा घे. काय हरवतं ते डोळ्यांनी बघ.

विदाकार

हे सगळं ठीक, पण एआयने हा प्रश्न सुटतच आलाय. एआयच्या जाळ्याला (न्यूरल नेटवर्कला) हजारो चांगले स्कॅन दाखवा, मग दहा एक्स-रेंवरून ते पूर्ण जबडा काढून देईल. शिवाय कँडेस, रोमबर्ग आणि ताओ यांनी २००६ च्या निबंधात दाखवलंच होतं की कमी मोजमापांतूनही चित्र नेमकं मिळतं. एमआरआय त्यावरच वेगवान झाला ना?

चलराशी

@विदाकार, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

कँडेस प्रभृतींनी चाचणीसाठी वापरतात ते साधं डोक्याचं चित्र घेतलं आणि फूरिए पटलावरच्या फक्त २२ रेषांवरून ते जसंच्या तसं उभं केलं. फार सुंदर काम, आणि एमआरआयला त्याचा खरोखर उपयोग झाला. पण त्यात अट लिहिलेली आहे: चित्रात सपाट भाग जास्त आणि कडा मोजक्या असल्या पाहिजेत. अट मोडली तर हमी संपली, हेही सिद्ध केलेलं आहे. रेडिओ खगोलशास्त्रात १९७४ पासून हगबम यांची 'क्लीन' नावाची पद्धत आहे. आकाश म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवरचे ठिपके, असं ती धरते. आकाशाला ते बहुतेक वेळा लागू पडतं. जबड्याच्या जाळीदार हाडाला लागू पडणार नाही.

शिकवलेल्या जाळ्याची अट कुठेच लिहिलेली नसते, ती शिकवणीच्या चित्रांत मुरलेली असते. २०२० मध्ये अंतुन, हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी अशी जाळी तपासली. मोजमापात डोळ्याला न जाणवणारा फरक केला तरी काहींच्या चित्रात नसलेल्या खुणा उमटल्या, आणि लहानशी खरी खूण काहींनी पुसून टाकली. निरोगी जबड्यांवर शिकलेलं जाळं तुमची चीर बुजवून छान गुळगुळीत मूळ दाखवू शकतं. चित्र जितकं देखणं, तितका संशय कमी येतो, हा खरा धोका.

मी एआयच्या विरोधात नाही. फिनलंडचं उदाहरण घ्या. ओपीजीचं तंत्र १९५० च्या सुमारास यर्यो पाटेरो यांनी तिथेच विकसित केलं. पुढे सामुली सिल्टानेन आणि सहकाऱ्यांनी अरुंद कोनातून घेतलेल्या मोजक्या एक्स-रेंवरून इम्प्लांटच्या जागेचं त्रिमित चित्र काढायचं गणित बसवलं. ओपीजीच्या यंत्राला नवं सॉफ्टवेअर दिलं आणि काम झालं. त्यांनी आपलं पूर्वज्ञान संभाव्यतेच्या भाषेत उघडपणे मांडलं: शोषण ऋण नसतं, हाडाच्या कडा अशा असतात, वगैरे. कुठल्या दिशेच्या कडा भरवशाच्या आणि कुठल्या नाहीत, हे त्या गणितातून आधीच सांगता येतं. एआयकडूनही मला हेच हवं आहे.

विदाकार

नसलेल्या खुणांचा मुद्दा पटला. तो निबंध शोधून वाचतो.

सईची आई

एक घरगुती प्रश्न. सईला तारा लावायच्या आहेत. एका दवाखान्यात बघताक्षणीच 'सीबीसीटी लागेल, सगळ्यांचाच करतो' म्हणाले. अकरा वर्षांची पोर आहे. करावा का?

कृष्णाकाठ

ताई, मुलीला न तपासता 'करा' किंवा 'करू नका' म्हणणं बरोबर नाही. पण 'सगळ्यांचाच करतो' हे कारण होऊ शकत नाही. तारा लावणाऱ्या प्रत्येक मुलाचा सीबीसीटी करू नये, असंच युरोपातल्या सेडेंटेक्ससीटी प्रकल्पाच्या सूचना सांगतात. सुळा हाडात आडवा अडकलाय, शेजारच्या दाताचं मूळ झिजतंय, टाळू दुभंगलेला आहे, अशा वेळी जरूर करावा.

मात्रेचा अंदाज देतो. निसर्गातून आपल्याला जागतिक सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. एक ओपीजी म्हणजे त्यातले दोन-तीन दिवस. सीबीसीटी यंत्रानुसार आणि किती भाग घेतलाय त्यानुसार काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत जातो. घाबरण्यासारखं नाही, पण मुलांच्या पेशी जास्त संवेदनशील असतात, म्हणून उगाच नको. दोन गोष्टी विचारा: यातून उपचारात नेमकं काय बदलणार आहे, आणि अख्खं डोकं न घेता फक्त हव्या त्या दातांपुरता छोटा भाग घेता येईल का? केंद्राकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा (एईआरबी) परवाना आहे ना, हेही विचारायला संकोच नको.

सईची आई

खूप आभार डॉक्टर. हेच विचारते. बोलायला धीर आला.

कृष्णाकाठ

मॅडम, आता माझी मागणी. स्कॅनर तोंडात फिरवून दातांचा साचा घेतो तेव्हा तो छोटे छोटे तुकडे टिपून एकमेकांना जोडत जातो. एका दातासाठी उत्तम. पण एका टोकाच्या दाढेपासून दुसऱ्या टोकाच्या दाढेपर्यंत गेलं की जोडणीतल्या बारीक चुका साठतात आणि अख्ख्या कमानीचा ब्रिज नीट बसत नाही. यावर आणि धातूच्या रेघांवर आपल्याकडे कोणी काम करायला तयार असेल तर मी माझ्या परीने मदत करीन. पेशंटचे स्कॅन देता येणार नाहीत, त्याला संमती आणि नैतिक समितीची मंजुरी लागेल.

चलराशी

तुकडे जोडायची मूळ पद्धत १९९२ ची, बेस्ल आणि मके यांची, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतली. तो वेगळा धागा होईल, काढूया.

रेघांसाठी पेशंटची गरजच नाही. शरीररचना विभागात सुके जबडे असतात. एक जबडा पाण्याच्या भांड्यात ठेवायचा, म्हणजे मऊ भागाची भरपाई होते. एका दाताला मुद्दाम चीर पाडायची, एक तसाच ठेवायचा. आधी धातूशिवाय स्कॅन, मग पोस्ट बसवून, मग शेजारी धातूचा मुकुट (दातावरची टोपी) ठेवून. खरं उत्तर आपल्या हातात असेल, त्यामुळे कुठली पद्धत काय लपवते ते तपासता येईल.

अडचण एकच. यंत्र फक्त तयार चित्रं देतं, मूळ सावल्या आतच राहतात. आणि गणित करायला मला सावल्याच लागतील.

गॅन्ट्री

आमच्याकडच्या यंत्रात सर्व्हिस इंजिनिअरच्या लॉगिनने कच्च्या फ्रेम दिसतात, नेहमीच्या लॉगिनने नाही. कंपनीकडे संस्थेच्या लेटरहेडवर संशोधनासाठी म्हणून रीतसर लेखी मागणी करावी लागेल. दंत महाविद्यालयाच्या विभागप्रमुखांची सही असेल तर बरं. सोमवारी इंजिनिअर येणार आहे, नेमकं कोणाला पत्र लिहायचं ते विचारून इथे टाकतो.